कडूबाईचा बागवान

कडूबाईला खोटं बोलता येत नाही, असं तुळजापुरातल्या त्या गल्लीत कुणीही शपथेवर सांगितलं असतं. दूध पातळ आलं तर गवळ्याला तोंडावर विचारायची, "म्हशीला आंघोळ घालून तसंच काढलंस का रं?" भाजी खारट झाली तर ताटं वाढायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची, "आज हात चुकलाय माझा, दह्यासंगं खावा." अशी रोखठोक बाई. पण याच बाईनं वनमालाताईंच्या घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी एक खोटं बोलून ठेवलं होतं, आणि पुढं इतकी वर्षं ते निमूट सांभाळलं होतं.

कडूबाई मूळची तेरची. तिच्या आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानंसुद्धा चाखून थुंकून टाकावं. घर आजोबाच्या काळापासून ख्रिस्ती. धर्म बदलला तरी नावं गावचीच राहिली. थोरला भाऊ बब्रुवान आणि त्याच्या पाठची ही. रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये बब्रुवान टाळ वाजवायचा आणि ही त्याच्या गुडघ्याला टेकून झोपी जायची. आईबाप लवकर गेले. बब्रुवाननं तिला वाढवलं, हुंड्याबिंड्याच्या भानगडीत न पडता चांगल्या घरी दिलं, आणि नवरा वारल्यावर "माघारी ये, भाकरी हाय आपल्याकडं," असंही म्हणाला. पण वहिनीच्या चुलीत आपली भाकर नको, म्हणून कडूबाई काम शोधत तुळजापूरला आली.

वनमालाताई तेव्हा शाळेत शिकवायच्या. घर देवीच्या पुजाऱ्यांच्या भावकीतलं. त्यांच्या सासूबाई हयात होत्या. म्हातारीनं कडूबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुळाचार काय गं तुमचा?"

पोटात आग पडलेली माणसं उत्तर शोधत बसत नाहीत. कडूबाई म्हणाली, "तुमचा त्योच आमचा."

म्हातारीनं मान डोलावली. झालं. मग काय, कडूबाईच्या हातची पुरणपोळी मऊसूत, नवरात्रात नैवेद्याचं पुरण तिनंच घाटायचं असा रिवाज पडला. पुढं म्हातारी गेली. वनमालाताईंनी कधी काही विचारलं नाही, आणि कडूबाईनंही कधी सांगितलं नाही. सांगावं असं पुष्कळदा मनात आलं, नाही असं नाही. पण आज सांगितलं तर 'इतके दिवस का नाही सांगितलं' हा प्रश्न येणार, आणि दर वर्षी तो प्रश्न मोठाच होत गेला.

माहेरी न्यायला येणाऱ्या भावाला आपल्याकडं मुराळी म्हणतात. बब्रुवान हा असला हाडाचा मुराळी की त्यानं कधी नाताळ चुकवला नाही की ईस्टर. सणाच्या आदल्या दिवशी तो तुळजापूरला हजर. पण त्याला घरी यायची परवानगी नव्हती. कडूबाईनं बजावून ठेवलं होतं, "दादा, तू एस्टी स्टँडवरच थांबत जा. घरात पाहुणेरावळे असत्यात." बब्रुवान स्टँडवरच्या बाकावर बसून राहायचा, बहीण पिशवी घेऊन आली की उठायचा. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. माणूस भोळा होता असं नव्हे. त्याला सगळं कळत होतं, आणि कडूबाईला हे ठाऊक होतं की त्याला कळतं.

यंदाच्या ईस्टरला सगळं बिघडलं. आदल्या दिवशी, शनिवारी, वनमालाताईंच्या नातीला, श्रियाला, बघायला सोलापूरचे पाहुणे आले. सकाळी यायचे ते दुपार करून आले. कडूबाईला निघता येईना. फोन करावा तर बब्रुवानचा फोन घरीच. तो फोन चार्जिंगला लावून ठेवायची वस्तू आहे अशीच त्याची समजूत. तिला वाटलं, बसेल दादा बाकावर, इतकी वर्षं बसतोय.

पण बब्रुवाननं वाट पाहिली, आणि त्याच्या मनात आलं की कडू आजारी पडली असणार. विचारत विचारत तो घरापर्यंत आला. चाळीस दिवसांच्या उपासकाळात तो दाढी करत नाही, त्यामुळं पांढरी दाढी छातीपर्यंत नसली तरी गळ्यापर्यंत आलेली. खांद्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं, वरून शेवग्याच्या शेंगा आणि एकदोन कैऱ्या डोकावत होत्या. दारासमोर उभा राहून त्यानं हात कपाळाला लावला आणि आपले ख्रिस्ती लोक एकमेकांना करतात तसा सलाम केला.

"सलाम, बाईसाहेब. कडूबाई हितंच ऱ्हातात का?"

बैठकीत मुलाचे मामा पोह्यांची बशी घेऊन दाराकडं तोंड करून बसले होते. त्यांनी दाढी बघितली, सलाम ऐकला, शेंगा बघितल्या आणि हिशेब लावून टाकला. "बागवान दिसतोय," ते म्हणाले. भाजीफळं विकणारे मुसलमान बागवान आपल्याकडं गावोगाव आहेत, तेव्हा मामांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. "कैऱ्या आहेत वाटतं गाठोड्यात. घरच्या झाडाच्या का रे बाबा?"

वनमालाताईंनी आत हाक दिली, "कडूबाई, तुम्ही सांगितलं होतंत का बागवानाला?"

कडूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. दारात दादा उभा. तिला धडधाकट बघून त्याचा चेहरा उजळला. तो तोंड उघडणार, 'कडू' म्हणणार, आणि मग पाहुणे विचारणार, हे कोण, आणि सलाम कसला, आणि ही बाई कोण, आणि हिच्या हातचं आम्ही काय काय खाल्लं. श्रिया पदर सावरून खाली मान घालून बसलेली. एवढं सगळं कडूबाईच्या डोक्यात एका क्षणात फिरलं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "बागवान हाय. लोणच्याला कैऱ्या सांगितल्या होत्या म्या."

बब्रुवानचं उघडलेलं तोंड मिटलं. त्यानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, तेच तर वाईट. लहानपणी ती पडली की कुठं लागलंय ते बघायला तो जसा बघायचा, तसं बघितलं. मग वनमालाताईंकडं वळून म्हणाला, "व्हय बाईसाहेब. कैऱ्या हायत. लोणच्याच्या."

त्यानं गाठोडं पायरीवर ठेवलं. वनमालाताईंनी त्याला पाणी द्यायला सांगितलं. ते तो पायरीवरच बसून प्याला. कडूबाईनं दिलेलं पाणी, तिच्या हातातला तांब्या, आणि दोघंही एकमेकांचे कुणी नाहीत. वनमालाताई पैशाचं पाकीट शोधायला लागल्या तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ह्यांचा न् माझा हिशेब जुना हाय." उठला, दोन पावलं गेला आणि मागं वळून एवढंच विचारलं, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"हाय," कडूबाई म्हणाली.

"मग झालं," म्हणाला, आणि उन्हात निघून गेला.

पाहुणे गेल्यावर कडूबाईनं ओट्यावर गाठोडं सोडलं. वर शेंगा, खाली कैऱ्या, आणि अगदी तळाशी, कैऱ्यांचा चीक लागू नये म्हणून कागदात गुंडाळलेला, पांढरा कोरा चोळीचा खण. ईस्टरला चर्चच्या मंडळीतल्या बाया पांढरं नेसतात. मुराळ्यानं रिकाम्या हातानं येऊ नये, म्हणून वहिनीनं नाही, त्यानंच दुकानात उभं राहून घेतला असणार, कारण असला जाडाभरडा खण वहिनीनं घेतलाच नसता. कडूबाई ओट्याशी उभी राहून तो खण बघत होती आणि तिला वाटत होतं, धरणीमाय दोन भाग होऊन पोटात घेईल तर बरं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच. शिव्या दिल्या असत्या त्यानं, चारचौघांत तोंडात मारली असती, तर सोसलं असतं. पण त्यानं तिचं खोटं आपल्या खांद्यावर घेतलं आणि वर तब्येत विचारली.

तेवढ्यात वनमालाताई आत आल्या. "कडूबाई, आमच्यापायी तुमचं भावाकडं जायचं राहिलं आज. उद्या पहाटेच्या गाडीनं जा तुम्ही. आणि भावाला माझा निरोप सांगा, उशीर आमच्यामुळं झाला, रागावू नका म्हणावं."

कडूबाईनं फक्त मान हलवली. बोलली असती तर सगळं बाहेर पडलं असतं, आणि तेवढं धैर्य अजून आलं नव्हतं.

पहाटे तिनं गाडी धरली. खण पिशवीत होता, शिवायला वेळच नव्हता, आणि अंगाला लावायची लाजही वाटत होती. धाराशिवला गाडी बदलताना स्टँडवर गर्दी. तिची नजर सारखी खाली, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. तेरच्या गाडीत बसल्यावर ती मनात बोलणं जुळवत राहिली. 'दादा, पाहुणे होते.' हे नको. 'दादा, मला भ्या वाटलं.' हेही नको. भीती कसली? वनमालाताई काय वाघ होत्या? खरी गोष्ट अशी की तिला तिच्या भावाची लाज वाटली होती. हे तिनं स्वतःशी कबूल केलं तेव्हा खिडकीबाहेर तेरणा नदी दिसायला लागली होती.

चर्चमध्ये उपासना सुरू झाली होती. दारातल्या लोकांनी एकमेकांना म्हणावं, "प्रभू उठला हाय," आणि समोरच्यानं, "खरंच उठला हाय." कडूबाईला एका म्हातारीनं तसं म्हटलं. तिनं उत्तर दिलं, पण खाली बघून. बायकांच्या सतरंजीवर अगदी मागं, खांबाआड बसली. पुढं टाळकऱ्याची जागा रिकामी होती. टाळ खिडकीत ठेवलेले. दादा आलाच नाही? ईस्टरला?  आपल्यापायी दादानं प्रभूच्या घरी यायचंही टाकलं की काय.

अर्पिता नावाची मुलगी वचन वाचायला उभी राहिली. पहाटे मरीया कबरीपाशी रडत उभी आहे, मागं वळते तर येशू उभा, पण तिला वाटतं हा बागेचा माळी असेल. कडूबाईनं ही गोष्ट लहानपणापासून दर ईस्टरला ऐकली होती. दर वर्षी तिला मरीयेचं हसू यायचं, एवढा जवळचा माणूस आणि माळी काय म्हणते बाई. आज हसू आलं नाही. बागेचा माळी म्हणजे बागवानच की. मरीयेनं ओळखलं नव्हतं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कडूबाईनं तर लख्ख ओळखलं होतं आणि मग बागवान म्हटलं होतं. तिचा चेहरा तापला. पदर डोक्यावरून पुढं ओढला तरी कमी होईना.

पाळकसाहेब बोलायला लागले. पाळकसाहेब लांबण लावणारे, पण त्या दिवशी एक गोष्ट नीट बोलले. म्हणाले, "मरीयेनं माळी म्हटलं, तर तो रागावला नाही. नावानं हाक मारली फक्त. आणि काय निरोप दिला? माझ्या भावांना जाऊन सांग. कोण भाऊ? जे सोडून पळाले ते. ज्यानं त्याला धरून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी 'मी या माणसाला ओळखत नाही' म्हटलं तो. चांगले वागत होते तोवर त्यांना शिष्य म्हणत होता, मित्र म्हणत होता. तोंड फिरवलं, तेव्हा त्यांना भाऊ म्हणाला. उठल्यावर तो हिशेब मागायला गेला नाही. बंद दारातून आत जाऊन 'शांती असो' म्हणाला, आणि पुढं तळ्याकाठी स्वतः विस्तव पेटवून म्हणाला, या, न्याहारी करा."

मंडळीत कुणी 'आमेन' म्हणालं. कडूबाईला ते बोलणं सुखाचं वाटलं नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असेल. तिला एवढंच कळलं की तो असा आहे म्हणूनच आपली एवढी लाज वाटते. रागावणाऱ्यापुढं माणूस अजून भांडू तरी शकतं.

प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या नावानं एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची, तयारी सुरू झाली. भावाशी तुटलेलं असताना ती भाकर हातात घेऊ नये, हे तिला बब्रुवाननंच शिकवलं होतं. ती हळूच उठून बाहेर आली. हातपंपापाशी वहिनी, तारामती, चहाचं पातेलं घासत होती. ती बघतच राहिली.

"अगं, तू हितं? अन् हे कुठायत?"

"दादा आला न्हाय?"

"आला न्हाय म्हंजी? पहिल्या गाडीनं तुलाच आणाया गेलेत न्हवं! काल म्हणले, कडूला काम निघालं, उद्या परत जातो. म्या म्हणलं, अवो आज ईस्टर, टाळ कोण वाजवंल? म्हणले, ती आल्याबिगर कसला ईस्टर."

म्हणजे धाराशिवच्या स्टँडवर ही मान खाली घालून चालली होती तेव्हा तो तिथंच कुठंतरी होता. आणि आता तो त्याच दारात जाऊन उभा राहणार, काल जिथं त्याला बागवान म्हटलं त्याच पायरीवर.  तिनं वनमालाताईंना फोन लावला.

"अहो, तो कालचा बागवान आलाय," वनमालाताई म्हणाल्या. "तुमची चौकशी करत होता. मी सांगितलं, त्या पहाटेच भावाकडं गेल्या. तर हसला बाई गालातल्या गालात. निघालाच आहे आता."

"ताई, त्याला जाऊ देऊ नका. त्यो..." हातपंपाशी उभी राहून, मागं ईस्टरचं गाणं चालू असताना, कडूबाईची जीभ पुन्हा टाळूला चिकटली. "त्याला बसवून ठेवा. म्या येते."

फोनवरसुद्धा नाही. तिथं पाहुणे नव्हते, मामा नव्हते, कुणी नव्हतं, तरी नाही. परतीच्या गाडीत ती पिशवी कवटाळून बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का वो?" कडूबाई म्हणाली, "न्हाय, हाय. असू द्या." त्या बाईला काही कळलं नाही, आणि तिनं आपलं चिवड्याचं पुडकं पुढं केलं. कडूबाईनं ते नको म्हटलं.

दुपार वर आली होती. वनमालाताई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. बब्रुवान पायरीवर. ताईंनी त्याला वर बस म्हटलं असेलही, पण तो बसला नव्हता. फाटक वाजलं तसा तो उठून उभा राहिला. आणि कडूबाईनं तोंड उघडायच्या आधीच त्यानं घाईघाईनं बोलायला सुरुवात केली, "बाई, त्या शेंगांचं राहिलं होतं, म्हणून..."

आजही तो तिला वाचवत होता. हे मात्र कडूबाईच्यानं सोसवलं नाही. तिनं पिशवीतला पांढरा खण काढला आणि खांद्यावर टाकला, तसाच, न शिवलेला. हात कपाळाला लावला.

"सलाम, दादा," ती म्हणाली.

वनमालाताईंनी चष्मा वर केला.

"ताई, ह्यो बागवान न्हाय. माझा थोरला भाऊ हाय. मुराळी म्हणून आलाय, कालबी त्याचसाठी आलता. म्या काल तुमच्यासमोर त्याला नाकारलं. आमी ख्रिस्ती हाव, पहिल्यापासनं. तुमच्या सासूबाईंनी विचारलं तवा म्या खोटं बोलले. तुमच्या देवाचं पुरण म्या घाटत आले, मन लावून घाटलं, पण खोट्यावर घाटलं."

 वनमालाताई म्हणाल्या ते भलतंच. "काल माझ्या दारात तुमचा भाऊ आला आणि मी त्याला पायरीवर पाणी पाजलं?" त्यांनी चष्मा काढला. "मला एवढीच ओळखलंत का कडूबाई तुम्ही?" त्या उठल्या. "नैवेद्याचं काय ते नंतर बघू. मला विचार करू दे. आधी पाहुण्यांना आत घ्या." आणि त्या आत गेल्या. रागावल्या होत्या की रडत होत्या ते कडूबाईला कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

ती आणि दादा अंगणात राहिले. ती त्याच्या पायांशी बसली. पाय धरायला गेली तर त्यानं पाय मागं घेतले आणि स्वतःच तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"दादा, म्या..."

"सलाम घ्यायचा राहिला माझा," बब्रुवान म्हणाला. "सलाम, कडू." मग म्हणाला, "काल माझंच चुकलं बघ. तू स्टँडवर थांब म्हणलीवतीस, अन् म्या घरी आलो."

कडूबाईला वाटलं, असं बोलण्यापेक्षा यानं मारावं. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. त्यानं रडू दिलं. मग धोतराच्या सोग्यातली शिदोरी सोडली. तारामतीनं पहाटे थापलेली ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा. तो सकाळपासून त्या पायरीवर बसला होता आणि त्यानं भाकरीला हात लावला नव्हता.

"प्रभुभोजन घेतलंस का?" त्यानं विचारलं.

"न्हाय. कसल्या तोंडानं घेऊ?"

"म्याबी न्हाय," तो म्हणाला. त्यानं भाकरी मोडली, मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "खा. पाचच्या गाडीनं जाऊ. संध्याकाळी मंडळी गाणी म्हणायला बसत्यात, टाळ राहिल्यात माझे."

कडूबाईनं घास तोंडात घातला.